सड्यावरचं गाव

"बाय, तुझी चटय घेतलंस मां?" गोदाकाकींनी पुन्हा विचारलं.

"घेतली हो काकी. चटई, स्टोव्ह, कंदील, औषधाची पेटी, सगळं घेतलं. आता मलाच उचलून घ्यायचं बाकी आहे."

काकी हसल्या नाहीत. त्यांच्या एका हातात कोंबड्यांची डालगी होती, दुसऱ्या हाताने त्या शेळीला ओढत होत्या आणि शेळीला जायचं नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही नव्हतं. आदल्या दिवशी मी खाडीपलीकडच्या वाडीत लसीकरण करून आले होते. जाताना होडी, येताना ओहोटीमुळे चिखलातून पायपीट. पायांचे तुकडे पडले होते. आणि आता सगळं गाव तीन दिवस घरदार सोडून शिवेबाहेर राहायला निघालं होतं.

खारवण्याची गावपळण दर चार-पाच वर्षांनी येते. देवीने कौल दिला की माणसं, गुरं, कुत्री, मांजरं, सगळ्यांनी गाव रिकामं करायचं. तीन रात्री बाहेर काढायच्या. पुन्हा कौल मागायचा आणि देवीने हो म्हटलं तरच परतायचं. मी नर्स म्हणून गावात आले त्याला चार वर्षं होत आली होती, त्यामुळे माझी ही पहिलीच पळण.

निघताना काकींनी त्यांच्या उंबऱ्यावर पाण्याचा तांब्या आणि चिमूटभर तांदूळ ठेवले, दार नुसतं ओढून घेतलं. मग माझ्या खोलीच्या दारातही तांब्या ठेवला. मी त्यांच्याच पडवीच्या टोकाला भाड्याने राहत होते.

"इथे कशाला? घर तर एकच आहे."

"एक कसा? तुझी चूल वेगळी, तुझा घर वेगळा," काकी म्हणाल्या. "तू काय पावणी असस?"

सांगोल्याकडच्या माळरानातून आलेली मी. आई-वडील नाहीत, भावाच्या घरात माझ्यासाठी कोपरा नाही. या गावात पहिलं वर्ष मला सगळे 'घाटी नर्सबाय' म्हणत. मग 'घाटी' कधी गळून पडलं ते कळलं नाही. काकींचं ते वाक्य ऐकून मला इतकं बरं वाटलं की मी शेळीचं दावं त्यांच्या हातातून घेतलं आणि निमूट चालू लागले.

गावामागचा चढ चढून गेलं की सडा लागतो. कातळच कातळ, अधूनमधून करवंदीच्या जाळ्या आणि पिवळं पडलेलं गवत. तिथे आठवडाभर आधीपासून पुरुषांनी झावळ्यांच्या राहुट्या घातल्या होत्या. संध्याकाळपर्यंत सगळं गाव तिथे येऊन टेकलं. शंभर चुली पेटल्या असतील. सगळं गाव एका नजरेत मावलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. एरवी खारवणे म्हणजे डोंगर-उतारावर विखुरलेली घरं, या घरातून त्या घरात जायला घाट्या आणि व्हाळ, म्हणजे ओढे, ओलांडायचे. माझ्या सगळ्या फेऱ्या त्या चढउतारांत जायच्या. आता मात्र उभ्या जागेवरून दिसत होतं, या गावात म्हाताऱ्या किती, पोरं किती आणि तरुण बाप्ये किती थोडे. कर्ते पुरुष सगळे मुंबईला. नवा जिल्हा होऊन फार वर्षं झाली नव्हती. तालुक्याला मीटिंगमध्ये साहेब कौतुकाने सांगायचे की आपल्या जिल्ह्यात बायकांचं प्रमाण पुरुषांहून जास्त आहे. त्यात कौतुक कसलं, ते मला कधीच समजलं नव्हतं. नवरे मनीऑर्डर पाठवायचे आणि बायका नांगर धरायच्या.

काकींची सून शालन त्यांतलीच एक. नवरा मुंबईला एका खानावळीत कामाला. ती पहिलटकरीण, दिवस भरत आले होते, पण माझ्या हिशेबाने अजून तीन आठवडे होते. चढ चढताना ती दोनदा बसली. मी तिची नाडी पाहिली, पोट पाहिलं. सगळं ठीक होतं.

रात्री जेवणं झाल्यावर गावकार दाजी राऊळ आमच्या राहुटीपाशी आले. गावकार म्हणजे देवीचा पहिला मान ज्यांच्या घराण्याकडे, गावाची रीत राखायची जबाबदारीही त्यांच्याकडेच. सत्तरीचा कृश माणूस, बोलायला तिरसट. पळण असेपर्यंत सड्यावरून गावात उतरणाऱ्या वाटेवर, शिवेच्या दगडापाशी, ते स्वतः बसायचे. कोणी चुकूनही खाली जाऊ नये म्हणून.

"दाजी, हे सगळं कशासाठी करतात हो?" मी विचारलं.

"कोण म्हणता, गाव तीन दीस भुतांका दिलेलो असा. माझो आजो वेगळा सांगी. पटकी इल्ली, अर्धा गाव मेला. उरले ते हय सड्यार येवन ऱ्हवले. म्हणान जगले."

"म्हणजे रोगराईच. मग आता औषधं आहेत की."

"औषधां असत," दाजी म्हणाले, "पण गाव एकदम उठान भायर येता तेवाच कळता, गाव म्हंजे कोण कोण ता. घरां बघून कळणा नाय."

त्यांचं बोलणं मला आवडलं. तरी मी जांभई दिली, कारण मी थकले होते.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर शालनच्या कळा सुरू झाल्या.

चढण बाधली असेल, की बाळालाच घाई असेल. माझ्याकडे पेटी होती, उकळलेलं पाणी होतं, पंधरा बायका मदतीला होत्या. काकींनी झावळ्यांवर लुगडी टाकून आडोसा केला. कातळ तापला होता, खालून वाफ यायची आणि वरून ऊन झिरपायचं. शालन शहाणी मुलगी, फार ओरडली नाही. दुपार कलली तेव्हा मुलगा झाला. रडला, चांगला लाल झाला. बाहेर बायकांनी एकच गलका केला. वार पडली, पूर्ण पडली, मी दोनदा तपासली. घाम पुसून मी म्हटलं, सुटलो.

आणि मग रक्त थांबेना.

पोटावर हात ठेवला तर गर्भाशय आवळलेलं नव्हतं, भिजल्या कणकेसारखं लागत होतं. मी चोळायला लागले. बाळाला छातीला लावलं. चोळलं की जरा घट्ट व्हायचं, हात काढला की पुन्हा सैल. खालचं लुगडं भरलं, दुसरं घातलं, तेही भरायला लागलं. शालनचे ओठ पांढरे पडत चालले.

"बाय, तिका थंड वाटता," काकी म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी लहान झाला होता.

रक्त थांबवायचं इंजेक्शन माझ्याकडे होतं, पण सड्यावर नव्हतं. ते गार ठेवावं लागतं. तापल्या कातळावर तीन दिवसांत त्याचं पाणी झालं असतं, म्हणून मी ते खोलीतच ओल्या वाळूच्या मडक्यात ठेवून आले होते. खाडीपलीकडच्या दवाखान्यात शालनला न्यायचं तर गावाला वळसा घालून, डोलीतून, संध्याकाळ झाली असती. तिच्याकडे एवढा वेळ नव्हता. माझी खोली मात्र उतारावरून पळत गेलं तर हाकेच्या अंतरावर होती.

मी काकींचा हात धरून पोटावर ठेवला. "इथे. असंच जोरात चोळत राहा. काहीही झालं तरी हात काढायचा नाही. ती ओरडली तरी नाही. मी आले."

"तू खय जातस?"

मी पळाले.

शिवेच्या दगडापाशी दाजी बसले होते. माझे रक्ताळलेले हात पाहून ते उठले आणि काठी आडवी धरून वाटेत उभे राहिले.

"दाजी, बाजूला व्हा. शालनला रक्त जातंय. इंजेक्शन खोलीत आहे."

"गावात कोणाक जाता येवचा नाय."

"अहो, ती मरेल!"

आरडाओरडा ऐकून माणसं गोळा झाली. म्हातारे, बायका, मुंबईहून पळणीसाठी आलेले दोनचार बाप्ये. कोणी म्हणालं, देवीक गाऱ्हाणा घालूया. कोणी म्हणालं, गेल्या खेपेक एक जण चोरून खाली गेललो, त्या साली तेचे बैल मेले. एक बाई रडायला लागली. मला सगळ्यांचा संताप आला. याच बायकांच्या पोरांना मी रात्री-बेरात्री ताप उतरेपर्यंत मांडीवर घेऊन बसले होते.

दाजींनी काठी खाली केली नाही. मोठ्या आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं त्यांनी विचारलं, "बाय, तुमी हयच्या की भायल्या?"

मला वाटलं, हा माझा हक्क विचारतोय. मी छातीवर हात मारून म्हणाले, "मी इथलीच! चार वर्षं तुमच्यात राहिले, तुमचं मीठ खाल्लं. मी पण खारवण्याचीच आहे, म्हणून सांगते, मला जाऊ द्या."

"हयच्या असशात तर शिवेच्या आत पाय टाकूक मेळचो नाय," दाजी म्हणाले. "जी रीत आमका, तीच तुमका."

"माणूस आहात की कोण?"

दाजींची हनुवटी थरथरत होती. मला वाटलं, रागाने. मग त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला, एकेक शब्द सुटा करून. "नीट विचार करून सांगा. सगळो गाव ऐकता हा. तुमी हयच्या, की भायल्या?"

माझा तोल गेला. "नाही!" मी किंचाळले. "नाही मी तुमच्या गावची! तुमच्या देवीशी माझं नातं नाही, तुमच्या रीतीशी नाही, तुमच्याशी नाही. मी सांगोल्याची. नोकरीला आले, उद्या बदली झाली की निघून जाईन, मागे वळून बघणार नाही. ऐकलंत? मी तुमची कोणी नाही!"

दाजी जमलेल्या माणसांकडे बघून ओरडले, "ऐकलास मां सगळ्यांनी? बाय भायली. भायल्यांका पळण लागणा नाय." आणि ते वाटेतून बाजूला झाले.

मी विचार करायला थांबले नाही. उतारावरून अक्षरशः घरंगळत गेले.

रिकाम्या गावात पाय टाकला आणि माझ्याच चपलांच्या आवाजाने मी दचकले. कोंबडा नाही, कुत्रं नाही, जात्याची घरघर नाही. विहिरीवरचा रहाट स्तब्ध. अंगणांत पानं पडलेली. घरं सगळी जागच्या जागी, तुळशी जागच्या जागी, आणि तरी तिथे गाव नव्हतं. मला भुतांची भीती वाटली नाही. वाटलं ते एवढंच, की उरलेलेही एकेक करून मुंबईला गेले तर हे असं दिसेल. माझ्या दारात काकींनी ठेवलेला तांब्या होता. तो ओलांडून आत गेले, वाळूत हात खुपसला, कुप्या घेतल्या, सिरिंज घेतली आणि तशीच परत पळाले. चढावर छाती फुटायची वेळ आली. एकदा गुडघ्यावर पडले, पण कुप्या वर धरल्या होत्या.

काकींनी हात काढला नव्हता. त्यांच्या मनगटाला पेटका आला होता, तोंडाने त्या देवीचं नाव घेत होत्या, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हात चालूच होता. मी सुई टोचली. पुन्हा चोळत बसले. थोड्या वेळाने हाताखाली पोट आवळल्यासारखं लागलं. मग आणखी घट्ट. रक्त मंदावलं, थांबलं. शालनने डोळे उघडून पाणी मागितलं, तेव्हा मी तिथेच कातळावर आडवी झाले आणि लहान मुलासारखी हमसून रडले. आनंदही असेल, पण जास्त करून दमणूक.

काकी माझ्याजवळ आल्या. मला वाटलं पाठीवरून हात फिरवतील. त्यांनी माझ्यासमोर पेजेचा वाडगा ठेवला, सोबत आंब्याचं लोणचं ठेवलं, आणि दोन्ही हात जोडले. "तुमचे उपकार झाले," त्या म्हणाल्या. एरवी मला दटावून पेज पाजणारी बाई हात जोडून उभी राहिली. मी म्हटलं, घाबरल्या असतील बिचाऱ्या.

उरलेला दीड दिवस सगळे माझ्याशी फार चांगलं वागले. बसायला घोंगडी अंथरायची, चहा पहिला मला द्यायचा, मी पाणी भरायला उठले की कोणीतरी कळशी काढून घ्यायचं. रात्री बायका फुगड्या घालत होत्या, मी उठून गेले तर त्यांनी मला बसायला पाट दिला. मी पाटावर बसून बघत राहिले. मला अंगात कणकण होती, म्हणून फारसा विचार केला नाही.

तिसऱ्या रात्रीनंतर सकाळी कौल झाला. देवीने हो म्हटलं. ढोल वाजला. राहुट्या मोडल्या, डालगी डोक्यांवर चढली, माणसांची रांग शिवेच्या दगडाकडे निघाली. शालन डोलीत होती. बाळ माझ्याकडे होतं, दुपट्यात गुंडाळलेलं. मी काकींच्या पाठोपाठ चालले होते. माझ्या डोक्यात घरी गेल्यावर शालनला काय खायला द्यायचं, तेवढंच होतं.

दगडापाशी दाजींनी मला थांबवलं. या वेळी हातात काठी नव्हती.

"बाय, पोर माज्याकडे देवा."

"राहू दे दाजी, मी आणते की."

"भायर जन्मलेला पोर. तेका गावकारान उचलून आत नेवचा लागता. नायतर ता गावाचा होणा नाय." त्यांनी हात पुढे केले. मी बाळ दिलं. दाजी मात्र पुढे गेले नाहीत. काकी आत गेल्या, एकदा मागे वळून पाहिलं आणि मान खाली घातली. बाकीची माणसं आमच्या दोन्ही बाजूंनी जात होती. कोणी माझ्याकडे बघत नव्हतं.

"मी यायचं ना?" मी विचारलं. विचारताना माझी मलाच लाज वाटली.

"येवा की. कदीय येवा, कदीय जावा. तुमका कोण अडवचो नाय." त्यांनी बाळ नीट धरलं. "पण आमच्या वांगडा नको. पळणीतसून गाव परत जाता तेवा गावच जाता. सगळे जावंदेत. मगे येवा."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. पेजेचा वाडगा, घोंगडी, पाट, जोडलेले हात.

"दाजी, मी रागात बोलले हो. तुम्ही वाट अडवलीत म्हणून. मला तसं म्हणायचं नव्हतं."

"रागान बोललात ता बरा झाला. मऊ बोलला असतात तर कोणाक खरा वाटला नसता."

"म्हणजे तुम्ही मुद्दाम विचारलंत?"

"दोनदा विचारलंय, बाय. पयल्या उत्तरान शालन मेली असती." त्यांनी बाळाच्या तोंडावरचं दुपटं सारखं केलं. "रीत मोडूची ताकद माज्यात नाय. मोडली असती तर गावान तिका आणि ह्या पोराक जल्मभर सोडला नसता. काय वायट झाला की ह्यांच्यामुळा, म्हणले असते. म्हणान रीतीतसूनच वाट काढूक होयी. आमच्यात भायला माणूस एकच होता. तुमी."

"पण मी भायली नव्हते!"

"नव्हतात," दाजी म्हणाले. "म्हणान तर दुसऱ्यांदा विचारताना माजी जीभ उचलत नव्हती."

"आणि तुम्हाला माहीत होतं, मी तसं म्हटल्यावर माझं काय होईल?"

"म्हायत होता."

मला त्यांना खूप काही बोलायचं होतं. भांडायचं होतं, पाया पडायचं होतं, दोन्ही. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते पुसायला हात मोकळे नव्हते. बाळ कुरकुरलं. ते वळले आणि त्याला उराशी धरून शिवेच्या आत गेले. रांगेचं शेवटचं टोक त्यांच्यामागे उतारावरून दिसेनासं झालं.

मी आणखी दोन वर्षं खारवण्यात काढली. मग बदली झाली, आणखी गावं झाली, आता निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली. माझ्या हातून किती बाळंतपणं झाली याचा हिशेब मी ठेवला नाही. त्या दोन वर्षांत खारवण्यात मला कधी काही कमी पडलं नाही. आंबे, फणस, मासे, मान, सगळं दारात यायचं. मला विचारलं की पुन्हा तसं झालं तर काय म्हणशील, तर मी तेच म्हणेन, त्याहून मोठ्याने म्हणेन. पण तरी सांगते, त्या सकाळी मला शालनच्या जगण्याचा आनंद आठवत नव्हता. माझं एक घर होतं आणि त्याला मीच सगळ्यांसमोर नाही म्हटलं होतं, एवढंच आठवत होतं.

दगडाशेजारी मी चटईची वळकटी टेकवून बसून राहिले. सड्यावर विझलेल्या चुली आणि झावळ्या राहिल्या होत्या. खाली एकेका घरातून धूर निघायला लागला, कुत्री भुंकायला लागली, कोणीतरी विहिरीवर रहाट ओढला. गाव भरलं. मग मी उठले, पेटी उचलली आणि उतारावरून गावात गेले.

मला कोणी अडवलं नाही.